शेंड्यातलं पाणी

मराठवाड्यात नारळ लावायचा म्हणजे उंटाला होडीत बसवायचं, असं श्रीरंग येता-जाता म्हणायचा. पण परसातल्या त्या नारळापुढे त्याचं काही चालत नव्हतं. ते रोप नर्सरीतून आलेलं नव्हतं, त्याच्या बायकोच्या ओटीतून आलेलं होतं.

अश्लेषाच्या डोहाळजेवणाला तिच्या गुहागरच्या मावशीनं सोललेला नारळ न आणता चांगला असोला, सालासकटचा नारळ आणला होता. ओटी भरून झाली आणि तो देवघराच्या कोपऱ्यात पडून राहिला. बाळंतपणाच्या धांदलीत त्याच्याकडे कोण बघतंय! बारशाच्या आदल्या दिवशी सासूबाई, म्हणजे कालिंदीबाई, कोपरा झाडायला वाकल्या आणि तिथूनच त्यांनी हाक मारली, "अगं, याला कोंब आलाय!" कालिंदीबाईंच्या माहेरची रीत अशी, की ओटीच्या नारळाला कोंब आला तर तो फोडायचा नाही, लावायचा. मग तो बाळाच्या बरोबरीनं वाढतो आणि बाळाला सांभाळतो. त्याला म्हणायचं पाठीराखा. बाळाच्या मनगटात काळा दोरा बांधला तसाच एक त्यांनी कोंबालाही बांधला. ऑगस्टच्या उकाड्यात जन्मलेल्या पोरीचं नाव हिमानी ठेवायची हौस श्रीरंगची. त्यामुळे घरात एक हिमू आणि परसात हिमूचा पाठीराखा, अशी दोन लेकरं एकदमच मोठी होऊ लागली.

वर्ष मात्र लेकरं वाढवायचं नव्हतं. पावसानं पुन्हा तोंड फिरवलं होतं, नाथसागर धरण तळाला गेलं होतं आणि पुंडलिकनगरच्या नळाला पाचव्या-सहाव्या दिवशी करंगळीएवढी धार यायची. गल्लीच्या टोकाला मात्र एकामागून एक बिल्डिंगा उठत होत्या. त्यांच्या कॉलमांवर टँकरचं पाणी मारलेलं बायका गच्चीवर कपडे वाळत घालता घालता बघायच्या आणि न बोलता खाली यायच्या.

घरातल्या पाण्यावर कालिंदीबाईंची नजर असायची. पिण्याचं पितळी पिंपात, वापरायचं निळ्या ड्रमात, आणि या पिंपातलं त्या कामाला गेलं की त्या दिवशी कुणाची तरी खैर नाही. "झाडाला वेगळं पाणी नाही," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. "हिमूच्या आंघोळीचं जे येईल ते त्याचं."

हिमूला न्हाऊ घालायला सरूबाई यायची. गंगापूरकडच्या धनगराची बाई, साठीला आलेली. नवरा मुंजाबा मेंढरं राखायचा. मेंढरं सरली तसे दोघं शहराच्या कडेला येऊन राहिले. तीस वर्षं सरूबाईनं या भागातली लेकरं न्हाऊ घातली होती. मोरीत पाय पसरून बसायची, पोरीला नडगीवर पालथं टाकायची, आणि तिच्या त्या खरखरीत तळव्यांखाली हिमू अशी सैल पडायची की अश्लेषाला हेवा वाटावा. आपल्या हातात पोर ताठ का होते, हे कोडं तिला पाच महिन्यांत उलगडलं नव्हतं. आंघोळीआधी सरूबाई मोरीच्या भोकाला फडकं कोंबायची, म्हणजे पाणी अडून राहायचं. मग मगानं ते बादलीत भरायची आणि जाताना परसात नारळाच्या बुडाशी ओतून जायची. डाळीच्या पिठाचं, सायीचं ते पाणी पिऊन नारळ गुडघाभर झाला होता. माशाच्या शेपटीसारखी तीन पानं, आणि मधोमध चौथ्याची बंद सुई.

सरूबाईच्या हाताला गुण आहे असं सगळी गल्ली म्हणायची. या कामात दुसरं लागतं काय? सर्टिफिकेट थोडंच असतं? बाळ बाळसं धरतं ते बाईच्या हातानं, आणि नाही धरलं तरी तेही तिच्याच हातानं. समोरच्या सत्यभामाकाकूंची लेक शीला बाळंतपणाला माहेरी आली होती. तिच्यासाठी काकूंनी दिवाळीतच सरूबाईला सांगून ठेवलं होतं.

डिसेंबरच्या मध्यावर थंडी अशी उतरली, की सकाळी नळाची तोटी हाताला चिकटावी. नारळाच्या पानांची टोकं तांबूस झाली. त्याच आठवड्यात हिमूला खोकला झाला.

"बघ, दोघं एकदमच कोमेजली," कालिंदीबाई म्हणाल्या आणि रात्री नारळाभोवती गोणपाट गुंडाळायला लागल्या.

अश्लेषा वनस्पतिशास्त्र घेऊन पहिल्या वर्गात पास झालेली. झाडाचा आणि पोरीच्या छातीचा काही संबंध नाही हे तिला पक्कं माहीत होतं. पण हिमू झोपली की तिच्या नाकासमोर बोट धरून श्वास बघणारी बाईही तीच होती, आणि त्या बाईला वनस्पतिशास्त्र येत नव्हतं. खोकला वाढला की तिची नजर आपोआप खिडकीतून परसाकडे जायची. आज पान आणखी वाळलंय का?

पहाटे हिमूला पाजताना ती फोनवर वाचत बसायची. एका सकाळी तिला कुठल्याशा बर्फाळ मुलखातल्या लोकांचं पान सापडलं. तिथं म्हणे थंडीत माडाच्या जातीची झाडं जगवतात. त्यांना कांबळी गुंडाळतात, दिव्यांच्या माळा बांधतात. थंडीत सगळ्यात आधी जपायचा तो माडाचा गाभा, कारण माडाचा जीव तिथं, एवढं तिनं वाचलं. तेवढ्यात हिमू ठसकली. पोरीला खांद्यावर टाकून पाठ थोपटता थोपटता पुढचं वाचायचं राहिलं ते राहिलंच.

दुसऱ्या दिवसापासून ती सगळ्यांच्या आधी उठायला लागली. पितळी पिंपातलं तांब्याभर पाणी घ्यायची, कोमट करायची, हिमूच्या पाण्यात बघतात तसं कोपर बुडवून बघायची. परसात जाऊन गोणपाट वरून सैल करायची आणि ते पाणी हळूहळू सुईच्या खोबणीत, गाभ्यात सोडायची. वाफ निघायची. थंडीनं काकडलेल्या पोराला ऊन पाणी पाजल्यासारखं तिला वाटायचं. गोणपाट पुन्हा आवळून, तांब्या पुसून ती अंथरुणात शिरायची तेव्हा देवघरात सासूबाईंची घंटा वाजत असायची.

पिंपातलं पाणी झाडाला घातलं हे सासूबाईंना कळलं असतं तर आभाळ कोसळलं नसतं. दोन शब्द ऐकावे लागले असते, एवढंच. पण ते दोन शब्द नकोत म्हणून तिनं कुणालाच सांगितलं नाही. तेवीस दिवस. हिमूचा खोकला आठवड्यातच गेला होता, तरी ती थांबली नाही. थांबलं आणि काही झालं तर?

झालं ते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. सरूबाई बादली घेऊन परसात गेली होती, कालिंदीबाई गोणपाट सोडत होत्या. सुईला काहीतरी चिकटलंय म्हणून त्यांनी बोटांनी धरलं, आणि लोण्यातून केस निघावा तशी अख्खी सुई वर आली. खालचं टोक काळपट, बुळबुळीत. आंबलेल्या भातासारखा वास सुटला.

"सरूबाई, हे काय गं?"

"काय झालं, मोठ्या बाई?"

"शेंडा हातात आला. कुजलाय. आणि आत पाणी आहे, बघ, पाणी! तू वरनं ओततेस काय?"

"वरनं कामून ओतीन? मी आपली बुडाला घालते. रोज बघता की तुम्ही."

"मी काय रोज तुझ्या मागं उभी असते? तेल, पीठ, साय, सगळं त्या पाण्यात. वरनं ओतलं की बसलं जाऊन गाभ्यात. तुझ्याशिवाय पाणी घालतंय कोण त्याला?"

सरूबाईनं बादली खाली ठेवली. दारात अश्लेषा हिमूला खांद्यावर घेऊन ढेकर काढत उभी होती. सरूबाईनं तिच्याकडे बघितलं.

"तुम्ही तरी सांगा, ताई. मी कधी वरनं ओतलं का?"

पाणी आपलं, हे अश्लेषाला कळलं होतं. कुजलं ते त्या पाण्यानंच का, हे अजून कळलं नव्हतं, आणि त्या न कळण्याला तिनं बुडत्यानं काडी धरावी तसं धरलं.

"हिमूला वारं लागेल," ती म्हणाली, "मी आत जाते."

आणि ती आत गेली.

दुपारी हिमू झोपल्यावर तिनं फोनवरचं ते पान शोधून उरलेलं वाचलं. दुसऱ्याच परिच्छेदात होतं. गाभा कोरडा ठेवा. थंडीत शेंड्यात पाणी साचलं तर आठवडाभरात कूज लागते. आणि आता तिला कॉलेजच्या बागेतला माळीही आठवला. पामच्या कुंड्यांना झारी धरताना तो पोरींवर ओरडायचा, "बुडाशी घाला, डोक्यावर नाही, ते काय केस धुवायला बसलेत?" सगळ्या पोरी हसल्या होत्या. ती पण हसली होती.

दुसऱ्या दिवशी कालिंदीबाईंनी सरूबाईला गोडच बोलून निरोप दिला. पोर आता पाच महिन्यांची झाली, आता घरीच घालू आंघोळ, तुलाही लांबून यायचा त्रास. सरूबाईनं तेलाची वाटी घासून पालथी घातली, हिमूच्या कपाळावरून बोटं उतरवून स्वतःच्या कानशिलाशी मोडली आणि गेली. अश्लेषा स्वयंपाकघरात कणीक मळत होती. कणीक केव्हाच मळून झाली होती.

गल्लीत बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. संध्याकाळी सत्यभामाकाकू गेटाशी येऊन उभ्या. "खरं का हो कालिंदीताई? हिमूचं झाड गेलं म्हणे सरूबाईच्या हातानं?"

"हातानं म्हणजे... पाणी तीच घालायची."

"तेच ते. अहो, आमच्या शीलाचं पहिलं बाळंतपण. जिच्या हातानं बाळाचा पाठीराखा गेला, तिच्या हाती लेकरू द्यायचं म्हणजे... मी काय अंधश्रद्धाळू नाही, पण उगीच मनाला खुटखुट कशाला?"

खिडकीआड अश्लेषा हे ऐकत होती. खुटखुट! तिच्या छातीत तर कुणी कुदळ मारत होतं.

श्रीरंग वाळूजहून कंपनीतून आला तेव्हा चहा देता देता तिनं त्याला सगळं सांगितलं. तो आधी हसला. "तेवीस दिवस? आणि आईच्या पिंपातलं? तुझी हिंमत आहे बाई!" मग तिचा चेहरा बघून म्हणाला, "अगं, झाडच आहे. दुसरं आणू."

"झाडाचं नाही म्हणत मी. सरूमावशीचं म्हणतेय."

"बघ, आता सांगून आईला राग, तुला त्रास. महिन्यात लोक विसरतात सगळं."

त्याचं म्हणणं तिला पटलं नाही, पण तिनं ते मानलं. मानणं सोयीचं होतं. चार दिवस तिनं स्वतःच हिमूला आंघोळ घातली. पोर रडून रडून लाल व्हायची, निसटायची, आणि सासूबाई बाहेरून विचारायच्या, "पाणी फार गरम नाही ना गं?" पाचव्या दिवशी सकाळी सरूबाई गेटाशी आली. आत आली नाही. कालिंदीबाई देवळात गेलेल्या बघून आली असावी.

"ताई, एक विचारायचं व्हतं."

अश्लेषा पायरीवरच थांबली. हिला कळलं!

"सत्यभामाबाईनं नाय म्हणून सांगितलं. पलीकडच्या गल्लीतल्या जोशीणबाईनं बी सांगितलं. मी काय मागाया नाय आले. तुम्ही झाडाचंच शिकलेल्या ना कॉलेजात? मोठ्या बाई म्हणत व्हत्या मागं. मग तुम्ही सांगा, कशानं गेलं त्ये?"

विचारताना तिच्या आवाजात जराही काटा नव्हता. डॉक्टरला विचारावं तसं ती विचारत होती.

"थंडीनं," अश्लेषा म्हणाली. "थंडी फार पडली ना मावशी. नारळाला सोसत नाही."

सरूबाईचा चेहरा उजळला. "व्हय ना? मग तेवढं सांगा की समद्यांना. तुमचं ऐकतील. माझं कोण ऐकतंय?"

"सांगते. रविवारी हिमूचं बोरन्हाण आहे, सगळ्या येतील. तेव्हा सांगते."

"लई उपकार व्हतील," म्हणून सरूबाईनं चक्क हात जोडले. अश्लेषानं दार लावलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. थंडीनं गेलं हे साफ खोटं नव्हतं. थंडी नसती तर तिनं पाणी घातलं असतं का? रविवारपर्यंत हे वाक्य तिनं इतक्यांदा मनाशी घोळवलं, की ते तिला जवळजवळ खरं वाटायला लागलं.

बोरन्हाणाला कालिंदीबाईंनी काही कमी केलं नाही. काळं झबलं, औरंगपुऱ्यातून आणलेले हलव्याचे दागिने, मुकुट, बाजूबंद, एवढीशी बासरीसुद्धा. पोर अजून बसत नव्हती म्हणून अश्लेषा पाटावर तिला मांडीत घेऊन बसली. बायकांनी ओंजळीनं बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, गोळ्या डोक्यावरून सोडल्या, गल्लीतली पोरं त्यावर तुटून पडली. हिमू आधी बावरली, मग बाजूबंदाचा हलवा चाटायला लागली. हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली.

तिळगूळ वाटला जात असताना सत्यभामाकाकूंनीच विषय काढला. "न्हाऊ घालणारी नवी शोधतेय बाई. कुणाला चांगली माहीत असली तर सांगा. सरूबाईचं काय झालं ते ऐकलंतच."

अश्लेषानं हिमूला घट्ट धरलं. "काकू, ते झाड सरूमावशींमुळे नाही गेलं. थंडीनं गेलं."

"थंडीनं?" सासूबाई तबक घेऊन थबकल्या. "मग त्या वळणावरच्या कुलकर्ण्यांचं नारळाचं झाड बरं नाही गेलं? त्यांच्याकडे तर गोणपाटसुद्धा नव्हतं. आणि शेंड्यात पाणी होतं ते? थंडीनं पाणी आणून ओतलं?"

बायका हसल्या. काकू म्हणाल्या, "घ्या! सासूबाईंनी पास केलं नाही तुझं वनस्पतिशास्त्र."

अश्लेषाही हसू शकली असती. हसून तिळगूळ खाल्ला असता तर विषय तिथंच संपत होता. ती दिलेला शब्द पाळून बसली होती, सरूबाईला तसं सांगताही आलं असतं. दोन्ही बाजूंनी सुटका होती.

"पाणी मी ओतत होते," ती म्हणाली.

आवाज तिचा तिलाच परका वाटला. "रोज पहाटे. कोमट करून. पिंपातलं. मला वाटलं ऊब मिळेल. तेवीस दिवस ओतलं. त्यानंच कुजलं. सरूमावशी बुडाशीच घालत होत्या."

मग सत्यभामाकाकू पुढे झाल्या आणि त्यांनी चक्क तिच्या गालावरून हात फिरवला. "किती मोठ्या मनाची गं तू! कामवालीची चूक कुणी अशी पदरात घेतं का?"

"नाही काकू, खरंच मीच—"

"असू दे, असू दे. कालिंदीताई, नशीब काढलंत हो. बी.एस्सी. झालेली पोर असं करेल का? आम्हाला काय कळत नाही?"

आणि सगळ्या बायका कौतुकानं तिच्याकडे बघायला लागल्या. शिव्या पडल्या असत्या तर तिनं झेलल्या असत्या. हे कौतुक झेलता येईना. ती मांडीतल्या पोरीच्या मुकुटावरचा हलवा नखानं खरवडत बसली. एक कालिंदीबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी सुनेकडे एकदा नीट बघितलं आणि तबक पुढे नेलं.

सगळ्या गेल्यावर स्वयंपाकघरात त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, "पिंपात पाणी खाली जायचं. मला वाटायचं, श्रीरंग पितोय पहाटे उठून."

"आई, मी..."

"रागावले असते मी. चांगली रागावले असते. दोन दिवस बोलले नसते." त्यांनी पातेलं पालथं घातलं. "पण बाईला काढलं नसतं गं. तिला काढू तरी दिलंस कसं मला?"

अश्लेषा ओट्याशी उभी राहिली, आणि सासूबाई भांडी लावत राहिल्या.

सोमवारी सकाळी तिनं हिमूला शालीत गुंडाळलं आणि ती सरूबाईकडे निघाली. शेवटच्या गल्लीपुढे नुसते आखलेले प्लॉट होते, चुन्याच्या रेघा, मधे मधे बोरवेलची तोंडं झाकलेली. त्यापलीकडे एका अर्धवट इमारतीमागे पत्र्याची खोली. मुंजाबा तीन शेळ्यांना घेऊन निघत होता. मेंढरं घेऊन तो पूर्वी इथवर यायचा, ही सगळी जागा त्यांच्या चरायची होती असं सरूबाई कधीमधी सांगायची. आता तो रेघा ओलांडताना उगीच इकडे तिकडे बघत होता, कुणी हटकेल म्हणून.

"या ताई, या." सरूबाई चुलीपुढून उठली. हिमूनं तिला बघितलं आणि अंग पुढे टाकलं. सरूबाईनं पदराला हात पुसले, घ्यायला हात पुढे केले, आणि मधेच थांबवले. "नगं. राहू द्या तुमच्याजवळच."

"मावशी, का?"

"नगं बाई. सांगितलं का तुम्ही काल?"

"सांगितलं. पण कुणी विश्वास नाही ठेवला." आणि मग अश्लेषानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. फोनवरचं पान, पहाटेचं पाणी, पिंप, दारात उभी असताना गिळलेला शब्द. गेटावर थंडी म्हणाले तेही लपवण्यासाठीच म्हणाले, हेही सांगितलं. सांगताना तिला वाटत होतं, मावशी मधेच म्हणतील, जाऊ द्या ताई, व्हतं असं. सरूबाई तसं काही म्हणाली नाही. सगळं ऐकून घेऊन ती खाली बसली आणि दोन्ही तळवे समोर धरून बघायला लागली.

"दहा दिस झाले," ती म्हणाली. "दहा दिस मी ह्या हातांकडं बघत बसलेय. आधी म्हणलं, बायका बोलतात त्ये खोटं. मग वाटाया लागलं, कुणाला ठावं, आलं बी असंल काही हातात. म्हातारपण आलंय. शेळी व्याली परवा, पिल्लाला हात नाय लावला मी. ह्यांना म्हणलं, तुम्हीच पुसा. आत्ता तुमच्या लेकराला नाय घेतलं. अन् तुम्हाला ठावं व्हतं? पैल्या दिवशीच?"

"दुपारी कळलं. पहिल्याच दुपारी."

"हात जोडले मी तुमाला. गेटावर."

"हो."

सरूबाई उठली. तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं, पदर कमरेला खोचला. "चला."

"कुठं?"

"सत्यभामाबाईकडं. काल मी नव्हते, म्हणून तुमचं मोठं मन दिसलं समद्यांना. आता मह्या म्होरं सांगा."

दोघी निघाल्या. सरूबाई पुढे, पोरीला घेऊन अश्लेषा मागे. काकूंच्या ओसरीवर शीला उन्हात पाय लांब करून बसली होती, काकू गहू निवडत होत्या. सरूबाई पायरीखालीच उभी राहिली आणि अश्लेषाकडे वळली.

अश्लेषानं सांगितलं. काल बायकांपुढे सांगितलं त्यापेक्षा हे अवघड होतं, कारण या वेळी कौतुकाला जागा ठेवायची नव्हती. "मी दारात उभी होते, काकू. मावशींनी मला विचारलं. मला माहीत होतं पाणी माझं आहे. मी गप्प बसले. सासूबाई रागावतील म्हणून. माझं मन मोठं नाही. मी भित्री आहे."

काकूंचा हात सुपात तसाच राहिला. त्यांनी अश्लेषाकडे बघितलं, मग सरूबाईकडे, आणि हळूहळू त्यांचा चेहरा बदलत गेला. तो आता कौतुकाचा नव्हता.

"म्हणजे काल तू खरंच..." त्या थांबल्या. "बाई बाई! आणि आम्ही इथं त्या बिचारीला..."

"पण काल संध्याकाळीच मी दुसरीला शब्द दिलाय गं सरूबाई," त्या खाली बघत म्हणाल्या.

"आई, तिला सांग नको म्हणून," शीला म्हणाली. "बाळ माझं आहे ना?"

"अगं, शब्द दिला म्हणजे..."

"मग मी सांगते."

"ठरवा तुमचं तुम्ही निवांत," एवढं म्हणून सरूबाई पायरीखालूनच वळली. अश्लेषा तिच्यामागे गेटापर्यंत गेली.

"मावशी, उद्यापासून याल ना हिमूला? आईंनीही सांगितलंय, म्हणजे सांगतील त्या. मी..."

"नाय."

"मावशी—"

"शीलाकडं बलावलं तर यीन. आणखी कुणी बलावलं तरी यीन. तुमच्या मोरीत नाय बसायची आता. उद्या काय झालं लेकराला, साधी शिंक आली तरी मला वाटंल, ह्या बाईला ठावं आसंल अन् बोलणार नाय."

हिमू पुन्हा तिच्याकडे झेपावली. या वेळी सरूबाईनं तिला घेतलं. पालथं करून आपल्या हाताच्या आडव्या घडीवर टाकलं, पाठीवरून तळवा एकदा सावकाश खाली नेला, आणि पोर ओल्या फडक्यासारखी सैल झाली. सरूबाई आपल्या त्या हाताकडे बघत राहिली. मग तिनं पोर परत दिली.

"असं. मानेपासनं खाली. वर नाय न्यायचा हात. अन् दाबून नगा धरू तिला, निसटती ती त्यानंच."

ती रस्ता ओलांडून प्लॉटांकडे चालू लागली. अश्लेषाच्या हातात हिमूनं लगेच अंग ताठ केलं आणि सरूबाईच्या पाठीकडे बघून रडायला सुरुवात केली. समोर आपल्या गेटात कालिंदीबाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं बघितलं होतं. त्या गेट उघडून बाजूला झाल्या, आणि अश्लेषा रडत्या पोरीला घेऊन त्यांच्यासमोरून आत गेली.